आदर्श शिक्षक निवडताना फाईल बघायची की मुलांचे वाचन?

सप्टेंबर महिना आला की तालुक्यातालुक्यांत आदर्श शिक्षक पुरस्कारांचे कार्यक्रम सुरू होतात. जिल्हा परिषद पुरस्कार देते, राज्य शासन देते, पतसंस्था आणि शिक्षक संघटना देतात. आता आपल्या विहार समित्या आणि जयंती मंडळेही देऊ लागली आहेत. काही मंडळांनी ५ सप्टेंबरऐवजी ३ जानेवारी हा सावित्रीमाई फुले यांचा जयंतीदिन त्यासाठी निवडला आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र तारीख आपली घेतली तरी निवडीची पद्धत आपण सरकारचीच उचलली आहे. या पद्धतीत आपल्या वस्तीतल्या मुलांसाठी राबणारा प्राथमिक शिक्षक बहुतेक वेळा मागे राहतो. तो का मागे राहतो, हे आधी समजून घेऊ.

राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार १९५८ साली सुरू झाले. २०१८ पासून शिक्षकाने स्वतःच ऑनलाईन अर्ज करायचा असतो. सोबत केलेल्या कामाची कागदपत्रे, फोटो, व्हिडिओ जोडायचे. मग जिल्हा समिती, राज्य समिती आणि शेवटी राष्ट्रीय पातळीवरचे परीक्षक अशी चाळणी लागते. पूर्वी वशिल्याने नावे पुढे जात, त्या मानाने हा बदल चांगलाच आहे. खासगी शिकवण्या घेणाऱ्यांना यात स्थान नाही, हेही योग्य. पण कंत्राटी शिक्षकांनाही स्थान नाही. आपल्या राज्याचा पुरस्कार आता ‘क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले राज्य शिक्षक गुणगौरव पुरस्कार’ या नावाने दिला जातो. तिथेही प्रस्ताव, पुरावे आणि मुलाखत यांवरच बरेचसे ठरते.

प्रस्ताव तयार करणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. कोणता उपक्रम कोणत्या शब्दांत मांडायचा, कोणाचे अभिप्राय जोडायचे, फोटो कधी काढून ठेवायचा, हे ज्यांना घरातून किंवा ओळखीतून कळते ते पुढे जातात. समाजशास्त्रात पिएर बोर्द्यू यांनी याला ‘सांस्कृतिक भांडवल’ म्हटले आहे. साध्या भाषेत सांगायचे तर ज्याला मांडता येते, त्याचेच काम दिसते. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग एकत्र बसवून शिकवायचे, पोषण आहाराचा हिशेब ठेवायचा, ऑनलाईन माहिती भरायची आणि निवडणूक आली की मतदार यादी घेऊन दारोदार फिरायचे. एवढे करणाऱ्या बाईंनी प्रस्तावाची शंभर पानी फाईल कधी करायची? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येत नाहीत. प्रत्यक्षात काय चालते ते शाळेत पाऊल ठेवणाऱ्या कोणालाही दिसते.

(याच गर्दीत आणखी एक धंदा वाढला आहे. ‘राष्ट्रीय’ किंवा ‘आंतरराष्ट्रीय’ असे भारदस्त नाव, मोबाईलवर आलेला संदेश आणि पुरस्कारासाठी नोंदणी शुल्क! आपल्या कार्यकर्त्यांनी अशा संस्थांच्या व्यासपीठावर पाहुणे म्हणून जाणे आधी थांबवावे.)

आपल्याकडे याहून चांगला आदर्श १८५२ सालापासून आहे. त्या वर्षी १६ नोव्हेंबरला पुण्याच्या विश्रामबागवाड्यात सरकारी शिक्षण खात्यातर्फे मेजर कँडी यांच्या हस्ते महात्मा जोतीराव फुले यांना शालजोडी देण्यात आली. आज आपण सत्काराचे चित्र तेवढे आठवतो. पण त्याआधी फुले दांपत्याच्या शाळांची तपासणी झाली होती आणि मुलींची परीक्षा लोकांसमोर घेतली गेली होती. मुलींना काय येते ते आधी सर्वांनी पाहिले, शाल नंतर आली.

तीस वर्षांनी, १९ ऑक्टोबर १८८२ रोजी, जोतीरावांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा ही त्यातली मागणी सर्वांना माहीत असते. शिक्षकांविषयी त्यांनी काय मागितले, ते मात्र फारसे वाचले जात नाही. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित हवा, तो कष्टकरी शेतकरी समाजातला आणि लोकांत मिसळणारा हवा, त्याचा पगार महिना १२ रुपयांपेक्षा कमी नसावा आणि ज्याची जास्त मुले पास होतील त्याला पगाराशिवाय खास भत्ता द्यावा, असे त्यांनी सुचवले. म्हणजे चांगल्या शिक्षकाचा गौरव करण्याचा प्रश्न जोतीरावांनी पगार, सामाजिक नाते आणि मुलांची प्रगती या तिन्हींना जोडून मांडला होता. आपण त्यातला हारतुऱ्यांचा भाग तेवढा उचलला.

पगाराचा मुद्दा आजही संपलेला नाही. नवीन शिक्षक तीन वर्षे ‘शिक्षणसेवक’ म्हणून मानधनावर काम करतो. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन अनेक वर्षे महिना ६,००० रुपये होते, ते २०२३ मध्ये १६,००० झाले. खोली भाड्याने घेऊन दुर्गम गावात राहणाऱ्या तरुणाला त्यात काय परवडते, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. आपल्या पुरस्काराला ‘किमान सेवा पंधरा वर्षे’ अशी अट घालणाऱ्या मंडळांनी हा विचार जरूर करावा.

मग शिक्षक निवडायचा कसा? धम्मात याची कसोटी सापडते. दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात सहा दिशांपैकी दक्षिण दिशा आचार्यांची सांगितली आहे. शिष्याची आचार्यांप्रती पाच कर्तव्ये आहेत, तशीच आचार्यांचीही शिष्याप्रती पाच आहेत: चांगले वळण लावणे, शिकवलेले नीट समजेल असे पाहणे, आपल्याजवळची विद्या हातचे न राखता देणे, मित्रपरिवारात त्याच्याविषयी चांगले सांगणे आणि सर्व दिशांना त्याच्या सुरक्षिततेची काळजी घेणे. यातली शेवटची दोन कर्तव्ये मला फार महत्त्वाची वाटतात, कारण कोणत्याही प्रस्तावाच्या नमुन्यात ती दिसत नाहीत. वर्गात आपल्या मुलाला कोणी जातीवरून बोलले तेव्हा बाई काय करतात? पोषण आहाराच्या पंगतीत कोण कुठे बसते? मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाचे मूल दिवाळीनंतर गायब होते, तेव्हा त्याला गावातच ठेवून हंगामी वसतिगृहाची सोय व्हावी म्हणून गुरुजी पालकांच्या पाया पडतात, की पटावर नाव ठेवून गप्प बसतात?

सुरक्षिततेत कागदही येतो. शाळेच्या दाखल खारीज रजिस्टरमध्ये धर्म आणि जात या रकान्यांत पहिलीला काय लिहिले जाते, यावर पुढे जातीचा दाखला आणि पडताळणी अवलंबून असते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, तरी चुकीच्या किंवा अर्धवट नोंदीमुळे आजही तरुणांना खेटे घालावे लागतात. प्रवेशाच्या दिवशी पालकांना समोर बसवून ही नोंद समजावून सांगणारा शिक्षक आणि पाचवीपासूनच्या मुलींचे सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीचे अर्ज न चुकता भरणारी शिक्षिका यांचे काम कोणत्याही फोटोत येत नाही.

म्हणून आपल्या मंडळांनी अर्ज मागवणे बंद करावे आणि शिक्षक शोधायला बाहेर पडावे. ३ जानेवारीचा कार्यक्रम असेल तर जुलैपासून सुरुवात करावी लागेल. वस्तीतली मुले कोणत्या शाळांत जातात याची यादी करा. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. त्या महिलांशी आधी बोला. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन तिसरीतल्या मुलांना एक साधा उतारा वाचायला द्या, हातच्याची वजाबाकी करायला सांगा. तेच डिसेंबरमध्ये पुन्हा करा. वर्गातली हुशार चार मुले बघू नका, ती कुठेही शिकतात. जुलैत अक्षर ओळखत नव्हती ती मुले डिसेंबरमध्ये कुठे पोहोचली, ते बघा. निवडणाऱ्यांत शिक्षक संघटनेचा पदाधिकारी नको, नगरसेवकही नको. दोन आया, एक माजी विद्यार्थी, एक निवृत्त शिक्षिका एवढे लोक पुरेत. शिक्षक आपल्याच समाजाचा असावा अशी अटही नसावी. वर्गात शेवटी बसलेल्या मुलाला पुढे आणणारी व्यक्ती कोणत्याही जातीधर्माची असू शकते. बाबासाहेबांना बुद्धाचे चरित्र भेट देणारे आणि पुढे सयाजीराव महाराजांपर्यंत त्यांचे नाव पोहोचवणारे कृष्णाजी अर्जुन केळुसकर हेही शिक्षकच होते.

सन्मानाच्या स्वरूपाचेही बघू. जिल्हा परिषद शिक्षकांना वर्तणूक नियम लागू असतात, त्यामुळे जाहीर सत्कार आणि रोख रक्कम याबाबत त्यांच्या कार्यालयाला आधी विचारलेले बरे. स्मृतिचिन्हावर खर्च करण्याऐवजी त्या शिक्षकाला वर्गासाठी काय हवे ते विचारा आणि तेच द्या. बहुतेक जण गोष्टीची पुस्तके मागतात. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राईझ मिळाले. त्यांनी रकमेचा अर्धा वाटा अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना दिला. हे लक्षात घेऊन सन्मान एका व्यक्तीऐवजी पूर्ण शाळेचा करता येईल का, हेही पाहावे. छोट्या शाळेत दोघेही शिक्षक तेवढेच राबत असतात.

कार्यक्रम शक्यतो शाळेतच, परिपाठाच्या वेळी घ्यावा आणि पालकांच्या मजुरीचा दिवस बुडणार नाही अशी वेळ ठरवावी. मुलांच्या प्रगतीच्या नोंदी आणि पालक समितीचा ठराव यांची एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावी आणि पोच घ्यावी. पुढे त्या शाळेची पटसंख्या कमी झाली म्हणून ती बंद करण्याची किंवा त्या बाईंची बदली करण्याची वेळ आली, तर गावाच्या हातात तो कागद असेल.