दीड किलोमीटर खाली बसवायचं झाकण

कॅपिंग स्टॅक हे यंत्र दिसायला फारसं काही नाही. पोलादाचा जाड ठोकळा, त्यातून आरपार गेलेलं भोक, खाली विहिरीच्या तोंडाला घट्ट धरणारा कनेक्टर, बाजूंना फुटलेले नळ आणि त्यांवरच्या झडपा. मोठा संच नऊ-दहा मीटर उंच आणि शंभरेक टन वजनाचा असतो. खोदकाम चालू असताना विहिरीवर बसवलेला बीओपी, म्हणजे ब्लोआउट प्रिव्हेंटर, याच्यापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचा. पण खोल समुद्रातली विहीर उसळली आणि बीओपीनेही हात टेकले, की वरून आणून बसवायला उरतो तो हा ठोकळा. 2010 च्या एप्रिलमध्ये त्याची गरज पडली, तेव्हा खोल पाण्यासाठी असा संच तेलउद्योगाने बांधून तयार ठेवलाच नव्हता.

त्या वर्षीच्या 20 एप्रिलला मेक्सिकोच्या आखातात, लुइझियानाच्या किनाऱ्यापासून साठ-पासष्ट किलोमीटरवर, डीपवॉटर होरायझन या रिगवर स्फोट झाला. 11 माणसं गेली, दोन दिवसांनी रिग बुडाली. खाली बीपी कंपनीची मकोंडो नावाची विहीर उघडी पडली. समुद्राचा तळ साधारण 1,500 मीटरवर, आणि विहीर तिथून आणखी चार किलोमीटर खोल गेलेली. बीओपीमध्ये पाइप कापून विहीर बंद करणारी पाती असतात. पण पाइप आत वाकून एका बाजूला सरकला होता, त्यामुळे तो पात्यांत नीट सापडला नाही.

एवढ्या खोलीवर पाणबुडे जात नाहीत. दीडशे वातावरणांचा दाब, चार-पाच अंश तापमान आणि मिट्ट काळोख. जे काही करायचं ते आरओव्हींनी, म्हणजे वरच्या जहाजावरून केबलने चालवायच्या यंत्रमानवांनी. खाली बोल्ट सैल करायचा तरी वर पडद्याकडे बघत, लोखंडी पंजाने.

पहिला मोठा प्रयत्न घुमटाचा. शंभरेक टनांची पोलादी पेटी गळतीवर उपडी ठेवायची आणि साठलेलं तेल नळीने वर ओढायचं. कल्पना नवी नव्हती. मेक्सिकोच्याच पाण्यात 1979 मध्ये इक्स्टॉक विहीर फुटली, तेव्हा ‘सोम्ब्रेरो’ नावाचा पोलादी शंकू तिच्यावर बसवला होता. पण ते पाणी जेमतेम पन्नास मीटर खोल होतं. मकोंडोवर मे महिन्यात घुमट खाली गेला आणि गॅस व थंड पाणी एकत्र येऊन त्यात बर्फासारखे हायड्रेट गोठू लागले. वरचं तोंड तुंबलं, हायड्रेट पाण्याहून हलके असल्यामुळे घुमट वर उचलला जाऊ लागला. शेवटी तो बाजूला काढून ठेवावा लागला.

मग ‘टॉप किल’. वरून जड चिखल दाबाने ढकलून तेलाचा लोंढा मागे रेटायचा. सोबत भोकं बुजवायला गोल्फचे चेंडू आणि रबराचे तुकडेही घातले. तीन दिवसांनी तोही प्रयत्न सोडला. माझ्या मते सगळ्या प्रकरणातली सर्वांत महागात पडलेली गोष्ट यानंतर घडली. चिखल का टिकला नाही, याचं बीपीच्या अभियंत्यांनी काढलेलं एक उत्तर असं होतं, की विहिरीच्या आतल्या नळकांड्यांमधल्या, म्हणजे केसिंगमधल्या, दाबसुटकेच्या चकत्या फुटल्या असाव्यात आणि चिखल बाजूच्या खडकात जात असावा. तसं असेल तर वरून झाकण लावणं घातक. तेलाला वर वाट मिळाली नाही, तर ते खडक फोडून समुद्रतळातून कुठूनही बाहेर येईल, आणि तशा गळतीला कसलंच झाकण लागत नाही. त्यामुळे विहीर बंद करायचा विचार मागे पडला आणि जमेल तेवढं तेल गोळा करण्यावर भर आला.

प्रत्यक्षात चिखल हरला तो बहुधा लोंढ्याच्या जोरापुढे. त्या वेळी अधिकृत आकडा होता दिवसाला 5,000 बॅरल. नंतरच्या अभ्यासात तो 50,000 च्या पुढे गेला. किती तेल येतंय याबद्दल अमेरिकी काँग्रेसची दिशाभूल केल्याचा गुन्हा बीपीने 2012 मध्ये कबूल केला. आकडे लपवणं हा एरवी जनसंपर्काचा भाग समजला जातो. इथे अभियांत्रिकीचं गणितच त्या आकड्यावर उभं होतं.

जुलैत शेवटी तीन रॅमचा, म्हणजे भोक आडवं बंद करणाऱ्या पोलादी ठोकळ्यांच्या तीन जोड्यांचा, स्टॅक खाली गेला. आधी तुटक्या रायझरच्या, म्हणजे विहिरीपासून रिगपर्यंत जाणाऱ्या नळाच्या, बुडाशी असलेल्या फ्लँजचे सहा बोल्ट आरओव्हींनी काढले. आत एकाऐवजी दोन पाइप शेजारी शेजारी उभे सापडले, ते आधी एकत्र बांधून घ्यावे लागले. मग जोडतुकडा बसवला, आणि 12 जुलैला त्यावर सुमारे 75 टनांचा स्टॅक. घुमटाला न जमलेलं याला का जमलं, ते इथे कळतं. कुकरचं झाकण लावताना शिट्टी काढून ठेवतात, वाफ निघत राहते आणि झाकण निमूट बसतं. तसंच स्टॅकची सगळी भोकं उतरवताना सताड उघडी असतात. तेल त्यातून धो धो जात राहतं, त्यामुळे स्टॅक उचलला जात नाही. कनेक्टर घट्ट झाला की मग रॅम मिटायचे, बाजूच्या नळांवरच्या झडपा एकेक करून, दाब बघत बघत, बंद करायच्या. हायड्रेट धरू नये म्हणून मिथेनॉल सोडायची सोयही असते. उसळत्या विहिरीवर झाकण बसवताना ते उघडं ठेवणं, ही या यंत्रामागची खरी अक्कल.

15 जुलैला दुपारी शेवटची झडप बंद झाली. 87 दिवसांनी तेल थांबलं. पण नियंत्रणकक्षातल्या लोकांना टाळ्या वाजवता येईनात. आधी ठरलं होतं, की दाब 7,500 पीएसआयच्या वर गेला तर विहीर शाबूत आहे, 6,000 च्या खाली राहिला तर तळाशी गळते आहे आणि झाकण लगेच उघडायचं. काटा चढत चढत 6,600 च्या आसपास रेंगाळला. म्हणजे नेमका अधल्यामधल्या पट्ट्यात. अमेरिकेचे तेव्हाचे ऊर्जामंत्री स्टीव्हन चू हे स्वतः नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ. त्यांच्या सल्लागारांत झाकण पुन्हा उघडावं, याकडे कल होता.

त्या रात्री ह्यूस्टनमधल्या नियंत्रणकक्षातून कुणीतरी दाबाच्या आलेखाचा मोबाइलवर फोटो काढला आणि कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कला पॉल शे यांच्याकडे पाठवला. शे अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेतले भूजलतज्ज्ञ, तेलाच्या धंद्याशी त्यांचा संबंध नव्हता. रात्रभर बसून त्यांनी संगणकावर साठ्याचं गणित मांडलं. जवळपास तीन महिने तेल वाहून गेल्यामुळे साठ्याचाच दाब उतरला असेल, तर गळती नसतानाही हा आकडा येतो, हे त्यांनी दाखवलं. झाकण बंद राहिलं. ऑगस्टच्या सुरुवातीला वरून चिखल आणि मग सिमेंट भरलं. मेच्या आरंभी खोदायला घेतलेली रिलीफ वेल, म्हणजे मूळ विहिरीला खाली गाठणारी दुसरी विहीर, सप्टेंबरच्या मध्यावर मकोंडोला भिडली आणि 19 सप्टेंबरला विहीर कायमची मेली, असं जाहीर झालं. झाकणाचं काम वेळ मिळवून देण्याचं. विहीर मारते ती रिलीफ वेल आणि सिमेंट.

त्यानंतर मात्र धंदा हलला. विहीर पुरती मेलेली नसतानाच, जुलै 2010 मध्ये, एक्सॉनमोबिल, शेव्हरॉन, कोनोकोफिलिप्स आणि शेल यांनी एक अब्ज डॉलरची मरीन वेल कंटेनमेंट कंपनी काढण्याचं जाहीर केलं. हेलिक्स कंपनीने मकोंडोवर वापरलेली आपली जहाजं घेऊन दुसरी व्यवस्था उभी केली. अचानक समाजभान आलं म्हणून नव्हे. विहीर फुटली तर ती बंद करायची साधनं कुठे आहेत, हे दाखवल्याशिवाय परवाना मिळेना, म्हणून. 2012 मध्ये अमेरिकी नियामकांच्या हुकमावरून शेलने एक स्टॅक सुमारे 6,900 फूट खोल उतरवून दाखवला.

अमेरिकेबाहेर ऑइल स्पिल रिस्पॉन्स लिमिटेड या संस्थेचे चार संच नॉर्वेत स्टाव्हांगर, ब्राझीलमध्ये आंग्रा दोस रेइस, दक्षिण आफ्रिकेत साल्दान्हा बे आणि सिंगापूर इथे ठेवले गेले. असा स्टॅक नुसता ठेवून चालत नाही. झडपा चालवून बघाव्या लागतात, दाबाच्या चाचण्या घ्याव्या लागतात. शिवाय क्रेनची जहाजं, आरओव्ही, मिथेनॉल, आधीचे तुटके पाइप कापायची हत्यारं, हे सगळं वेळेवर पोचलं तरच त्याचा उपयोग.

एवढं करूनही एक कोडं उरलं होतं, आणि गंमत म्हणजे ते उथळ पाण्याचं. खोल समुद्रात गॅस वर येईपर्यंत प्रवाहाबरोबर बाजूला सरकतो, विहिरीच्या डोक्यावर जहाज उभं करता येतं. काहीशे मीटर पाण्यात तो सरळ वर उसळतो. तिथे जहाज नेणं म्हणजे आगीला आमंत्रण. त्यासाठी इटलीत त्रिएस्तेला सायपेम कंपनीने बांधलेलं वेगळं साधन ठेवलं आहे, स्टॅक बाजूने, तरंगत विहिरीवर नेणारं. आपल्या मुंबई हायमध्ये पाणी त्याहूनही उथळ, पंचाहत्तर मीटरच्या आसपास, आणि तिथल्या बहुतेक विहिरींची तोंडं पाण्याच्या वर, प्लॅटफॉर्मवरच असतात. 1982 मध्ये सागर विकास रिगवर ब्लोआउट झाला तो याच क्षेत्रात. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात मात्र ओएनजीसी आणि रिलायन्सच्या विहिरी समुद्रतळावर आहेत, आणि ते पाणी खोल आहे.