वितरित डेटाबेस व्यवस्थापन प्रणालीच्या मूल्यमापनाचे निकष : भूमी अभिलेखांच्या संदर्भात

प्रस्तावना :
अनेक ठिकाणच्या संगणकांवर साठविलेली माहिती वापरणाऱ्यास एकाच ठिकाणी असल्यासारखी उपलब्ध करून देणारी प्रणाली म्हणजे वितरित डेटाबेस व्यवस्थापन प्रणाली होय. सी. जे. डेट यांनी १९८७ मध्ये अशा प्रणालीसाठी बारा नियम मांडले. त्यांपैकी किती नियम पाळले गेले याची केवळ मोजदाद करणे अपुरे ठरते. कोणत्या कामासाठी कोणता निकष निर्णायक आहे, हे प्रथम निश्चित करावे लागते. प्रस्तुत लेखात जमिनीच्या व्यवहाराच्या आधारे हा मुद्दा स्पष्ट केला आहे.

उदाहरण :
वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील गिरड येथील एखादी शेतजमीन विकली गेली, असे समजू. खरेदीखताची नोंदणी दुय्यम निबंधक कार्यालयात होते. फेरफाराची नोंद मात्र महसूल विभाग करतो. हरकतींसाठी पंधरा दिवसांची मुदत दिल्यानंतर मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतात. महाराष्ट्रात ई-फेरफार प्रकल्पाने या दोन विभागांचे कामकाज संगणकाद्वारे जोडले.

निकष :
१) स्थाननिरपेक्षता : गिरडचा सातबारा पुण्यात बसून पाहणाऱ्या खातेदारास तो कोणत्या संगणकावर साठविला आहे, हे ठाऊक असण्याची गरज पडू नये.

२) व्यवहाराची अखंडता : दस्त नोंदला गेला, परंतु सातबाऱ्यावर प्रलंबित फेरफार दिसला नाही, तर तीच जमीन दुसऱ्यास विकली जाण्याचा धोका उद्भवतो. म्हणून दोन्ही नोंदी व्हाव्यात किंवा एकही होऊ नये. यासाठी दोन टप्प्यांची पद्धत वापरता येते : प्रथम सर्व केंद्रांची तयारी विचारली जाते व सर्वांचा होकार आल्यावरच नोंद कायम होते. समन्वयक केंद्र मध्येच बंद पडल्यास इतर केंद्रे खोळंबतात. त्यामुळे प्रणाली पूर्ववत कशी होते, हेही तपासावे लागते.

३) प्रतींची सुसंगती : एकाच नोंदीच्या अनेक प्रती ठेवल्याने वाचन जलद होते, तथापि एका प्रतीतील बदल इतर प्रतींत किती वेळात पोहोचतो, हे पाहणे आवश्यक आहे.

४) संपर्क तुटल्यानंतरचे वर्तन : एरिक ब्रुअर यांनी २००० मध्ये मांडलेले व गिल्बर्ट आणि लिंच यांनी २००२ मध्ये सिद्ध केलेले तत्त्व येथे मूलभूत आहे. केंद्रांमधील संपर्क तुटला असता पूर्ण सुसंगती आणि अखंड उपलब्धता या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधता येत नाहीत.

निष्कर्ष :
संपर्क तुटलेला असताना सातबारा केवळ पाहावयाचा असल्यास दिनांकासह जुनी प्रत दाखविणे स्वीकारार्ह आहे. हक्कात बदल करावयाचा असल्यास मात्र काम थांबविणेच योग्य होय. शेतकऱ्याचा एक हेलपाटा वाढेल, पण त्याची जमीन दुसऱ्याच्या नावे चढणार नाही. म्हणूनच प्रणालीचे मूल्यमापन करताना ती किती वेगाने चालते यापेक्षा ती कोठे थांबते, याचा विचार आधी व्हावयास हवा.