आदरार्थी ‘ते’ आणि नपुंसकलिंगी ‘ते’

नवी दिल्लीत १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपली लिंगओळख आपण ठरविण्याचा तृतीयपंथीयांचा अधिकार मान्य केला. त्यांना कोणत्या नामाने संबोधावे, याची चर्चा पुष्कळ झाली आहे. २०१९च्या कायद्याच्या हिंदी पाठाने ‘उभयलिंगी’ हा शब्द स्वीकारला. मराठीत खरी अडचण नामापेक्षा सर्वनामात आणि क्रियापदात आहे.

हिंदीत नपुंसकलिंग नाही. मराठीत आहे, आणि लहान मूल वगळता माणसासाठी ते योजले की बहुधा तुच्छताच व्यक्त होते. इंग्रजीतील लिंगनिरपेक्ष ‘दे’साठी ‘ते’ योजणाऱ्या अनुवादकाने हे ध्यानात घ्यावयास हवे. पूर्वी ‘ते आले’ हे आदरार्थी पुल्लिंगी आणि ‘तें आलें’ हे नपुंसकलिंगी, असा भेद लेखनात दिसत असे. १९६२च्या शुद्धलेखन-नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले व दोन्ही रूपे लेखनात एक झाली. बोलण्यात मात्र ‘आलं’ म्हणताच अवहेलना कानाला कळते! ‘त्यांनी सांगितले’ यासारख्या रचनेत लिंगभेद उरत नाही. पण साऱ्या लेखनाचा भार तिच्यावर टाकता येणार नाही.

प्रथमपुरुषाची गोष्ट निराळी. ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’ म्हणताना बोलणारी व्यक्ती आपले लिंग स्वतःच सांगते. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ (२०१२) या आत्मकथनाच्या शीर्षकात तर शिवी ठरलेला शब्दही ‘मी’शी जोडला जाऊन स्वतःचे नाव होतो. चरित्रकाराने तोच शब्द तृतीयपुरुषी वाक्यात आणला, तर त्याचा अर्थ तसाच राहत नाही.