कागदावरचा रुग्ण

रुग्णालयातून घरी परतलेल्या ज्येष्ठाची विचारपूस करायला लेकीसुना, नातवंडे, शेजारीपाजारी येतात. याच सुमारास त्याच्या आजारपणाची हकिगत आणखी एक व्यक्ती बारकाईने वाचत असते. तिने रुग्णाला कधी पाहिलेले नसते आणि बहुधा पुढेही पाहणार नसते. ही व्यक्ती म्हणजे आरोग्य विम्याचा दावा तपासणारा अधिकारी. तो विमा कंपनीत किंवा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या टीपीए संस्थेत काम करतो. या कामात वैद्यकीय शिक्षण घेतलेले पुष्कळ जण असतात; आयुर्वेद व होमिओपॅथीचे पदवीधरही असतात.

या अधिकाऱ्याला पैसे अडवून धरणारा माणूस समजणे सोपे आहे. आपल्या हिताचे मात्र हे, की त्याची वाचण्याची रीत समजून घ्यावी. त्याच्यापुढे रुग्ण नसतो, कागद असतात. रात्रभर आपण काढलेली जागरणे, रुग्णाची तगमग, डॉक्टरांची धावपळ यांतले जे कागदावर उतरले नाही, ते त्याच्या लेखी घडलेलेच नसते.

फाइल कशी वाचली जाते

सर्वप्रथम तो पॉलिसी पाहतो. ती कधी सुरू झाली, मध्ये खंड पडला का, विम्याची रक्कम किती आणि कोणता प्रतीक्षा काळ अद्याप शिल्लक आहे, हे तो तपासतो. पॉलिसी घेण्यापूर्वीच जडलेल्या आजारांसाठी हा काळ आता जास्तीत जास्त 36 महिने असू शकतो. मोतीबिंदू, हर्निया, गुडघ्याचे सांधेरोपण अशा काही उपचारांनाही बहुतेक पॉलिसींत आरंभीचा काही काळ संरक्षण नसते.

त्यानंतर डिस्चार्ज समरी येते. निदान काय, तक्रार किती दिवसांची, पूर्वीचे आजार कोणते, हे वाचून तो एक प्रश्न विचारतो : या रुग्णाला दाखल करणे खरोखर आवश्यक होते का? केवळ तपासण्यांसाठी दाखल झाल्यास तो खर्च सहसा मिळत नाही. ‘अशक्तपणा, निरीक्षणासाठी दाखल’ एवढेच लिहिलेले असेल आणि प्रत्यक्षात रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत घसरल्याने सलाइनमधून उपचार झाले असतील, तर ही डिस्चार्ज समरी रुग्णावर अन्याय करते. म्हणून घरी निघण्यापूर्वी ती वाचावी. जे घडले ते सुटले असेल, तर डॉक्टरांना नम्रपणे सांगून नोंदवून घ्यावे. जे घडले नाही, ते मात्र कधीही लिहवून घेऊ नये.

दाखल होतानाचे एक वाक्य

दावे अडकण्याचे एक कारण दाखल होण्याच्या घाईगर्दीत दडलेले असते. निवासी डॉक्टर विचारतात, “रक्तदाब कधीपासून आहे?” सोबतचा मुलगा गोंधळलेला असतो. तो म्हणतो, “असेल पाच-सात वर्षांपासून.” हे उत्तर केस पेपरवर उतरते. आता समजा, पॉलिसी चार वर्षांपूर्वी घेतलेली आहे आणि गोळ्या प्रत्यक्षात दोन वर्षांपूर्वी सुरू झाल्या आहेत. परीक्षकाला मात्र दिसते ते एवढेच, की आजार पॉलिसीच्या आधीचा आहे आणि प्रस्ताव अर्जात त्याचा उल्लेख नाही. अंदाजाने उच्चारलेले एक वाक्य माहिती लपवल्याचा पुरावा होऊन बसते.

यावर उपाय घरातच आहे. प्रत्येक ज्येष्ठाच्या नावे एक वही ठेवावी. कोणता आजार कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी निदान झाला, औषध कधी सुरू झाले, शस्त्रक्रिया कोणत्या झाल्या, हे तीत लिहावे. पहिले प्रिस्क्रिप्शन जपून ठेवावे. दाखल होताना वही सोबत न्यावी आणि आठवत नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. नोंद चुकली असल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे खुलाशाचे पत्र घेऊन त्याला जुन्या प्रिस्क्रिप्शनची प्रत जोडावी.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. पॉलिसी घेताना मधुमेह, दमा, हृदयविकार लपवू नये. ‘हप्ता वाढेल’ म्हणून आज झाकलेली गोष्ट उद्या आजारपणात उघडी पडते. सलग 60 महिने पॉलिसी चालू राहिली, की सिद्ध झालेल्या फसवणुकीचा अपवाद वगळता, माहिती न दिल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. नूतनीकरणाची तारीख चुकू न देण्याचे मोल येथे कळते.

खोलीचे भाडे आणि कापलेले बिल

काही पॉलिसींत खोलीच्या दैनिक भाड्याला मर्यादा असते. समजा, ती 5,000 रुपये आहे आणि आपण 8,000 रुपयांची खोली घेतली. वरचे 3,000 रुपये दिले की झाले, असे आपल्याला वाटते. परंतु डॉक्टरांचे शुल्क, शस्त्रक्रियागृहाचा आकार अशा संलग्न खर्चांनाही तेच प्रमाण लागू होऊ शकते. मग 80,000 रुपयांपैकी 50,000 रुपयेच मंजूर होतात. औषधे, इम्प्लांट व तपासण्यांच्या खर्चाला अशी प्रमाणशीर कपात लावता येत नाही. तेथेही ती दिसली, तर लेखी विचारणा करावी. खोली निवडण्यापूर्वी पॉलिसीतील हे एक कलम वाचणे त्याहून बरे.

नकार म्हणजे शेवट नव्हे

विमा नियामक आयआरडीएआयने 29 मे 2024 रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय व्हावा आणि रुग्णालयाकडून डिस्चार्जची मागणी आल्यावर तीन तासांत अंतिम मंजुरी मिळावी, अशी तरतूद आहे. दावा नाकारण्याचा अंतिम निर्णय एकट्या परीक्षकाचा नसतो. त्याला कंपनीच्या समितीची मान्यता लागते. नाकारताना पॉलिसीच्या नेमक्या कोणत्या अटीनुसार नाकारला, हेही कळवावे लागते. ‘नियमात बसत नाही’ या तोंडी उत्तरावर थांबू नये. कारण लेखी मागावे.

कारण पटले नाही, तर प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लिहावे आणि पोच घ्यावी. 155255 या निःशुल्क क्रमांकावर किंवा ‘बीमा भरोसा’ या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर असमाधानकारक असेल, तर विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबईत आणि पुण्यात लोकपालाची कार्यालये आहेत. तेथे शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही. 50 लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी तेथे ऐकल्या जातात. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत अर्ज करणे मात्र आवश्यक असते.

आजारी माणसाजवळ बसून त्याचा हात हाती घेणे हे शुश्रूषेचे पहिले अंग. त्याची कागदपत्रे सांभाळणे हे दुसरे. आपल्या घरातील ज्येष्ठासाठी ती वही आजच उघडा. तारखा लिहिताना त्यांनाही जवळ बसवा. आपल्या आजारपणाची खरी हकिगत त्यांच्याइतकी कोणालाच ठाऊक नसते, आणि ती सांगायला आज निवांत वेळ आहे.