गवत राहिलं तर बारासिंगा राहील

आपल्या इंदूरला झाडं लावायची भारी हौस आहे. जुलै २०२४ मध्ये रेवती रेंजवर एका दिवसात ११ लाखांहून जास्त रोपं लावून शहराने जागतिक विक्रम केला. राजेंद्र नगरातही पहिला पाऊस झाला की कुणी ना कुणी खड्डे खणायला घेतंच. अशा गावात "हरणांसाठी झाडं काढावी लागतात" असं म्हटलं, तर लोक वळून बघणारच. पण आपल्याच मध्य प्रदेशात, कान्हाच्या जंगलात, हे काम वर्षानुवर्षं चालू आहे.

कान्हा मंडला आणि बालाघाट या जिल्ह्यांत आहे. बालाघाट ओलांडलं की लगेच आपला गोंदिया. आपला राज्यप्राणी बारासिंगा, त्यातही कठीण जमिनीवर राहणारी त्याची उपजात, एकेकाळी फक्त तिथेच उरली होती. १९७० च्या मोजणीत हे प्राणी भरले अवघे ६६. शिकार हे एक कारण होतं, पण तेवढंच नव्हतं. चितळ गवताबरोबर पाला आणि पडलेली फळंही खातो. बारासिंगा जवळजवळ फक्त गवतावर जगतो, आणि त्याची मादी पाडसाला उंच गवतात लपवते. गवत गेलं की जेवण आणि पाळणा दोन्ही एकदम गेले.

पुढे सौंफसारखी गावं जंगलाबाहेर हलवली गेली आणि तिथल्या शेतांची गवताळ मैदानं झाली. गोंड आणि बैगा कुटुंबांनी त्यासाठी आपली घरं सोडली, ही किंमत विसरून चालणार नाही. बारासिंगांसाठी कुंपणाचा बंदिस्त भागही केला गेला. आज त्यांची संख्या हजाराच्या आसपास पोहोचली आहे. २०१५ पासून काही प्राणी सातपुड्याच्या व्याघ्र प्रकल्पातही नेऊन सोडले आहेत.

मात्र मैदान एकदा झालं की कायमचं होत नाही. नांगर आणि गुरं थांबली की पळस, बोर, तेंदू अशी रोपं हळूच डोकं वर काढतात. पाच-दहा वर्षांत सावली पसरते आणि खालचं गवत विरळ होत जातं. आम्ही घरचे सगळे कान्हाला गेलो होतो, तेव्हा मैदानाच्या कडेला रोपं उपटणारी माणसं पाहून आईने विचारलं, "अहो, चांगली झाडं का काढताय?" जिप्सीतला गाइड म्हणाला, "माताजी, घास नहीं बचेगी तो बारासिंगा कहाँ जाएगा?"

शेतकऱ्याच्या भाषेत ही विरळणीच. बाजरी दाट उगवली तर आजोबा मधली रोपं उपटायचे, म्हणजे उरलेल्या ताटांना ऊन आणि पाणी पुरायचं. जंगलातही तेच, फक्त इथे ऊन हवंय ते गवताला.

सगळ्यात चिवट शत्रू मात्र झाड नसून झुडूप आहे: घाणेरी, म्हणजेच लँटाना. अमेरिका खंडातली ही वनस्पती इंग्रजांच्या काळात बागेची शोभा म्हणून इथे आली. पक्षी तिची फळं खातात आणि बी लांबवर नेतात. नुसती कापली तर ती बुंध्यापासून दुप्पट जोमाने फुटते. म्हणून जमिनीखाली काही सेंटीमीटरवर मुळाचा गड्डा तोडायचा आणि झुडूप उलटं करून वाळत टाकायचं, अशी पद्धत दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी बसवली. त्यानंतरही दोन-तीन पावसाळे नवीन रोपं उपटत राहावं लागतं. मोकळ्या झालेल्या जागी स्थानिक गवत लावलं नाही, तर घाणेरीच परत येते. या गवताच्या कामात विदर्भातले अभ्यासक डॉ. गजानन मुरतकर यांचं नाव मध्य प्रदेशातही आदराने घेतलं जातं.

याचा अर्थ दिसेल ते झाड तोडा, असा नाही. सांबराला दाट झाडी लागते. जुनं, पोकळ झाड घुबडाचं घर असतं. म्हणून कुठे मोकळं ठेवायचं आणि कुठे दाट, हे आधी ठरवावं लागतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यातलं झाड फक्त वन्यजीवांच्या भल्यासाठी आणि रीतसर परवानगीनेच काढता येतं. आपण कुऱ्हाड घेऊन जायचं काम नाही.

आपल्या हातात मात्र बरंच आहे. रविवारी मुलांना घेऊन राळामंडलला गेलात, तर वर झाडांकडे बघता तसं खाली जमिनीकडेही बघा. जिथे ऊन पोहोचतं तिथे काय उगवलंय आणि घाणेरीखाली काय उगवलंय, हे मुलांनाच शोधू द्या. बंगल्याच्या कुंपणाला रंगीत फुलांची घाणेरी लावू नका. आणि पुढच्या वृक्षारोपणाच्या बैठकीत एवढंच विचारा, "ही जागा मुळात झाडांची आहे की गवताची?" माळ रिकामा दिसतो, पण तिथेही कुणाचं तरी पाडस लपलेलं असतं.