पेशव्यांच्या सोयरिकी

थोरल्या बाजीरावांनी धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत लढायांइतकाच कर्जाचा विषय येतो. सावकारांच्या पाया पडून कपाळाची कातडी झिजली, अशा अर्थाची त्यांची तक्रार आहे. फौज उभी करायची तर पैसा आधी लागे, आणि चौथाई-खंडणी हाती पडे ती मागाहून. मधला काळ निभावून नेई तो सावकार. अठराव्या शतकातल्या पुण्याच्या दरबारी घराण्यांची लग्ने कशी जुळली हे समजायला पत्रिकेपेक्षा ही निकड अधिक उपयोगी पडते.

बाजीरावांची सासुरवाडी म्हणजे खेडजवळच्या चासचे जोशी, सावकारी करणारे घराणे. त्यांचे चिरंजीव नानासाहेब यांचे लग्न 1730 साली वाईच्या रास्त्यांच्या गोपिकाबाईंशी झाले. रास्तेही पैशाच्या व्यवहारातले. बाजीरावांच्या दोन बहिणींची घरेही पाहण्यासारखी आहेत. भिऊबाई बारामतीच्या आबाजी नाईक जोश्यांकडे दिल्या, अनुबाई इचलकरंजीच्या व्यंकटराव घोरपड्यांकडे. एक घर पैशाचे, दुसरे तलवारीचे. व्यंकटराव 1739 च्या सुमारास गोव्यात पोर्तुगीजांच्या साष्टीवर चालून गेले, त्याच काळात चिमाजीअप्पा वसईला वेढा घालून बसले होते. 1745 साली व्यंकटराव वारल्यावर अनुबाईंनी इचलकरंजीचा कारभार कित्येक वर्षे स्वतः पाहिला.

बारामतीची सोयरीक मात्र घशाशी आली. आबाजींचे भाऊ बाबूजी नाईक हे पेशव्यांचे मोठे सावकार. 1740 साली बाजीराव रावेरखेडीला वारले, तेव्हा पेशवेपदासाठी हेच बाबूजी नाईक उभे राहिले आणि नागपूरकर रघूजी भोसल्यांनी त्यांची पाठ राखली. शाहू महाराजांनी वस्त्रे दिली ती नानासाहेबांना, त्याबरोबर बाबूजींच्या कर्जाचा तगादा सुरू झाला. आत्याच्या दिराचे देणे थकलेले आणि तोच गादीचा दावेदार! भिऊबाईंनी तेव्हा माहेर आणि सासर कसे सांभाळले असेल, याची नोंद कुणी ठेवली नाही. बाबूजींचे नाव आज आठवते ते बहुधा मोरोपंतांचे आश्रयदाते म्हणून.

मस्तानीची गोष्ट सिनेमा-नाटकांनी इतकी उगाळली आहे की तिच्यातला व्यवहार दिसेनासा झाला. बुंदेलखंडाच्या मोहिमेनंतर, 1729 च्या सुमारास, छत्रसालांकडून ती पुण्यास आली. घरातला विरोध टोकाला गेला तो 1740 च्या आरंभी. रघुनाथरावांची मुंज आणि सदाशिवरावांचे लग्न तोंडावर होते. मुंज-लग्न म्हणजे सगळी ब्राह्मण पंगत आली, आणि पेशव्यांच्या घरी जेवायचे की नाही हे ती पंगत ठरवणार. प्रश्न बाजीरावांच्या प्रेमाचा कमी, पंक्तिव्यवहाराचा अधिक होता. ज्यांच्या घरात नाटकशाळा असत, बटकी असत, त्या समाजाला बाईशी संबंध ठेवण्याचे वावडे नव्हते. तिला घरातली माणूस म्हणून वागवण्याचे होते. बाजीरावांमागोमाग त्याच वर्षी मस्तानीही गेली. मुलगा समशेर बहादूर बाजीरावांच्या पत्नी काशीबाईंच्या छायेत वाढला. मुंज न लाभलेला हा मुलगा 1761 साली पानिपतावर पेशव्यांच्या बाजूने लढला आणि जखमांनी मेला. पुढे त्याच्या वंशजांनी बांद्याची नबाबी केली.

पानिपताचा विषय निघाला की नानासाहेबांचे दुसरे लग्न आठवतेच. डिसेंबर 1760 च्या अखेरीस, उत्तरेत सदाशिवरावभाऊंची फौज उपाशी असताना, पेशवे पैठणला बोहल्यावर चढले. नवरी राधाबाई, तिथल्या वाखरे सावकारांची लेक, वय जेमतेम नऊ. हे घर देशस्थ. कोकणस्थ पेशव्याने देशस्थांची मुलगी करावी यात दोन पोटजाती जवळ आणण्याचा हेतू काही इतिहासकारांना दिसतो, काहींना सावकाराची तिजोरी दिसते. मला दोन्ही पटतात. ती वेळ मात्र कुठल्याच हेतूने समर्थनीय ठरत नाही. सहा महिन्यांच्या आत, जून 1761 मध्ये नानासाहेब पर्वतीवर वारले आणि ती पोर विधवा झाली.

त्या घरातल्या दुसऱ्या एका बाईने विधवापण स्वीकारलेच नाही. सदाशिवरावांच्या पत्नी पार्वतीबाई पानिपताहून जिवंत परतल्या. भाऊ गेले हे त्यांनी कधीच मानले नाही. कुंकू ठेवले, आणि वाड्यानेही ते पुसायचा आग्रह धरला नाही. भाऊसाहेबांचे नाव सांगणाऱ्या तोतयाने पुढे कोकणात किल्ले घेतले आणि 1776 साली तो पुण्यात मारला गेला, तेव्हा या बाई हयात होत्या. त्यांची वाट पाहणे ही त्या घराची खासगी गोष्ट राहिली नव्हती, तिच्यावर राज्य हलत होते. 1783 साली त्या वारल्या.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत पुण्यात सवाई माधवरावांचे लग्न झाले. नवरदेवाला नववे चालू, नवरी थत्त्यांची रमाबाई त्याहून लहान. दहा वर्षांपूर्वी नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा बारभाई मुत्सद्द्यांनी नारायणरावांच्या पत्नी गंगाबाईंच्या पोटातल्या गर्भावर सगळी मसलत उभी केली होती. तो गर्भ आता मुंडावळ्या बांधून उभा होता. नाना फडणिसांनी या लग्नासाठी काढलेल्या याद्या मुळातून वाचाव्यात: कुणाचा मान कुठे, पंगतीत वाढप कसे, दिव्या-पाण्याची सोय काय, गर्दीत चोऱ्या होऊ नयेत म्हणून बंदोबस्त कोणाकडे. मोहीम आखावी तसे ते लग्न आखले आहे. सोहळ्याच्या इतक्या कागदांत त्या दोन मुलांना काय वाटले याचा मागमूस नाही. रमाबाई दहा वर्षांनी वारल्या. यशोदाबाईंशी दुसरे लग्न झाले आणि 1795 साली शनिवारवाड्यात पेशवेही गेले, मागे मूलबाळ नसताना. मग दत्तक कोण द्यायचा यावरून जी राजकारणे झाली, त्यांत यशोदाबाईंची मांडी तेवढी सगळ्यांना हवी होती.

स्वतः नानांची लग्ने नऊ झाली असे सांगतात. त्या काळी बायका बाळंतपणात आणि साथीत भराभर जात, वंशाला मुलगा हवाच असे. तरी नऊ हा आकडा त्या काळातही डोळ्यांत भरण्याजोगा होता. मुलगा काही वाचला नाही. 1800 च्या मार्चमध्ये नाना वारले, तेव्हा जिऊबाई ही त्यांची पत्नी अजून लहान मुलगी होती. दुसऱ्या बाजीरावांच्या हाती पडू नये म्हणून नानांच्या माणसांनी तिला लोहगडावर ठेवले. 1804 साली जनरल वेलस्लीने मध्यस्थी केली. तिने पनवेलला राहावे आणि वर्षाला 12,000 रुपये नेमणूक घ्यावी असे ठरले. पेशवाई बुडाल्यानंतर जिऊबाई वाईजवळ मेणवलीला नानांच्या वाड्यात राहिली आणि तिने दत्तक मुलगा घेऊन फडणिसांचा वंश पुढे चालवला.