दूरचा धूर आणि दारचा कचरा

छत्रपती संभाजीनगरातील क्रांती चौकाचे नाव १८५७ च्या उठावाशी निगडित आहे. त्या वर्षी बंडात सामील झालेल्या शिपायांना जेथे देहान्त शासन झाले, तो काळा चबुतरा ह्याच चौकातला. आज मात्र हा चौक मुख्यतः वाहनांचा झाला आहे. जालना रस्त्याची रहदारी उड्डाणपुलावरून व पुलाखालून अखंड वाहत असते. अशा ठिकाणी भर दुपारी उभ्या असलेल्या एखाद्या सुशिक्षित गृहस्थास, ‘देशात सर्वांत वाईट हवा कोठली?’ असे विचारावे. तो क्षणाचाही विलंब न लावता दिल्लीचे नाव घेईल. ध्रुवावरील बर्फ वितळत आहे आणि ब्राझीलमधील अरण्ये जळत आहेत, हेही तो कळकळीने सांगेल. ‘आणि येथली हवा?’ असे विचारल्यास, ‘येथे काय, थोडीफार धूळ असते’ एवढेच तो म्हणेल. पण हे म्हणताना त्याचा रुमाल नाकाशी असेल!

हा गृहस्थ कल्पित आहे. त्याची वृत्ती मात्र कल्पित नाही. डेव्हिड उझेल ह्या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने निरनिराळ्या देशांतील लोकांना प्रश्न विचारून २००० साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. हवापाण्याचा बिघाड आपल्या वस्तीत किती, गावात किती, देशात किती आणि साऱ्या जगात किती, असा त्याच्या प्रश्नांचा रोख होता. वर्तुळ जसजसे मोठे होत गेले, तसतसा लोकांना बिघाड अधिक गंभीर वाटत गेला. वास्तविक जग म्हणजे अशाच वस्त्यांची बेरीज. प्रत्येकाची वस्ती बरी असेल, तर बेरीज वाईट कशी यावी? पुढे २००९ साली १८ देशांतील अशाच पाहणीचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. तेथेही बहुतेक देशांत हाच प्रकार आढळला. उझेलची आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जबाबदारीची जाणीव लोकांना जवळच्या परिसराबद्दल अधिक होती आणि जगाच्या बाबतीत ते स्वतःस असहाय समजत होते. म्हणजे जेथे हात पोचतो तेथे काही बिघडलेले दिसत नाही, आणि जेथे बिघडलेले दिसते तेथे हात पोचत नाही.

असे का व्हावे? पहिले कारण नाकाचेच आहे. अत्तराच्या दुकानात शिरताच येणारा सुवास थोड्या वेळाने जाणवेनासा होतो, दुर्गंधीचेही तसेच. वास असतोच, पण नाक त्याची वर्दी देण्याचे सोडते. दुसरे कारण वार्तेचे. दूरच्या ठिकाणची बातमी आपणापर्यंत येते ती तेथे काही भयंकर घडले म्हणजेच. दिल्लीत आज आकाश निरभ्र होते, ही बातमी कोण छापणार? त्यामुळे दूरचा प्रदेश सदैव संकटातच आहे असा ग्रह होतो. तिसरे कारण अभिमानाचे. आपल्या गावास नावे ठेवणे म्हणजे आपल्या घरास नावे ठेवण्यासारखे वाटते. ह्या तिहींपेक्षाही बलवत्तर असे एक कारण आहे, ते सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. दूरच्या संकटाबद्दल हळहळले की काम संपते, जवळचे संकट मान्य केले की काम सुरू होते.

ह्याचा जिवंत दाखला ह्याच शहराने २०१८ साली पाहिला. शहर तेव्हा औरंगाबाद ह्या नावाने ओळखले जाई. घरोघरचा कचरा, दररोज सुमारे ४०० टन, गाड्यांत भरून नारेगावास नेऊन टाकला जात असे. हा क्रम तीन दशकांहून अधिक काळ चालला होता. नारेगाव काही दूर नाही. क्रांती चौकातून तासाभराच्या आत जाता येते. पण शहराच्या दृष्टीने कचरा दृष्टीआड झाला म्हणजे तो जणू परमुलखातच गेला. नारेगाव, मांडकी व आसपासच्या गावकऱ्यांना मात्र तो धूर, त्या माश्या आणि बिघडलेले विहिरींचे पाणी रोजचे होते. जवळच्या संकटाची सवय होते, हा नियम येथे लागू पडला नाही. सोसण्यास मर्यादा असते, आणि ज्याच्या विहिरीचे पाणी जाते त्यास नाक मेले तरी डोळे असतातच. १६ फेब्रुवारी २०१८ पासून गावकऱ्यांनी गाड्या अडविल्या, आणि मार्चमध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठानेही तेथे कचरा टाकण्यास मनाई केली.

मग जे झाले ते साऱ्या शहराने भोगले. कचरा ज्याच्या त्याच्या दाराशी राहिला. चौकाचौकांत ढीग साचले. काही ठिकाणी ते पेटवून देण्यात आले आणि तो धूर ज्यांच्या खिडक्यांतून आत आला, त्यांना नारेगाव म्हणजे काय हे एका आठवड्यात कळले. नव्या जागेच्या शोधात गाड्या मिटमिट्याकडे गेल्या, तेव्हा ७ मार्च रोजी तेथे दगडफेक, लाठीमार व जाळपोळ झाली. कचरा आपल्या शेजारी नको एवढेच प्रत्येक वस्तीचे म्हणणे होते, आणि ते चूक तरी कसे म्हणावे? पुढे चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल व कांचनवाडी येथे कचऱ्यावर प्रक्रिया करण्याची केंद्रे निघाली. ओला कचरा वेगळा व सुका वेगळा, हे शब्द स्वयंपाकघरात रुळले ते त्याच वर्षी. एरवी वर्षानुवर्षांच्या व्याख्यानांनी जे साधले नसते, ते दारातल्या ढिगाने काही महिन्यांत साधले.

पाण्याची गोष्ट थोडी निराळी आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबराने डोंगरातील पाणी भूमिगत नहरीने शहरात आणले. त्या काळी पाण्याचा उगम शहराच्या उंबरठ्याशीच होता. आज शहर पाणी पिते ते सुमारे ५० किलोमीटरवरील पैठणच्या नाथसागराचे. पावसाळा लागला की धरणात किती टक्के साठा झाला, हा आकडा वर्तमानपत्रे रोज छापतात आणि घरातील वडीलधारी माणसे तो बाजारभावाप्रमाणे तोंडपाठ ठेवतात. नळास कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येते, तेव्हा ही काळजी रास्तच आहे.

परंतु पाणचक्कीच्या पायथ्याशी वाहणाऱ्या खाम नदीची आठवण त्या वेळी कितीजणांस होते? जटवाड्याच्या डोंगरांकडून निघालेली ही नदी शहरातून जाताना वर्षानुवर्षे सांडपाणी आणि प्लास्टिक पोटात घेत आली. अनेकांच्या तोंडी तिचे नाव ‘नाला’ असेच पडून गेले, आणि नाल्याबद्दल कोणी हळहळत नाही. अलीकडे महानगरपालिका, छावणी मंडळ व काही संस्थांनी मिळून तिचा काठ स्वच्छ करण्याचे काम चालविले आहे. काही भागांत आता लोक तेथे फिरावयासही जातात. तिचे पुढे काय होते हे पाहण्यासाठी मात्र नकाशा उघडावा लागतो. शहर ओलांडून ती दक्षिणेस गोदावरीकडे वळते व अखेर नाथसागराच्या पाण्यास मिळते. ज्या पाण्याचा टक्का रोज सकाळी वाचला जातो, त्याच पाण्यास.